दूध डेअरीला, चहा सुनेला
वाचकांचे प्रश्न, बालरोगतज्ज्ञांची उत्तरं

या महिन्यात सांगली जिल्ह्यातून बरीच पत्रं आली. बहुतेक पत्रं गर्भारपण आणि बाळाची पहिली दोन वर्षं यांबद्दलची आहेत. मी सांगलीतच लहान मुलांची डॉक्टर आहे, त्यामुळं पत्रांतली घरं मला परकी वाटत नाहीत. पहिल्या पत्राला जास्त जागा देते, कारण तोच प्रश्न मी ओपीडीत रोज ऐकते.

प्रश्न : मी तासगाव तालुक्यात राहते. पहिला मुलगा पूर्ण दिवस भरून झाला, तरी वजन २ किलो ३०० ग्रॅमच भरलं. आता पुन्हा दिवस गेलेत, तिसरा महिना संपत आलाय. घर माळकरी आहे, अंडं-मटण चालत नाही. सासूबाई म्हणतात, ‘दोन घास कमीच खा, बाळ पोसलं की सिझर ठरलेलं.’ या बाळाचं वजन चांगलं भरावं म्हणून काय करू? आणि मोठा चार वर्षांचा आहे, किडकिडीत आहे. तो अंगानं भरावा म्हणून घरचे सारखं तूप-साखर, बिस्किटं देतात. ते बरोबर आहे का?

उत्तर : ताई, सासूबाईंच्या भीतीमागं त्यांचा काळ आहे. तेव्हा अडलेल्या बाईला रात्री तालुक्याला न्यायला गाडी मिळायची नाही, आणि मोठं बाळ म्हणजे जिवाशी गाठ. आज तुमची नियमित तपासणी होते, सोनोग्राफी होते, दवाखाना जवळ आहे. आईनं पोट मारून बाळ लहान ठेवायचं कारण उरलेलं नाही, आणि त्याची किंमत बाळ जन्मभर मोजतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, भाकरी-कालवण खाणाऱ्या बायका, अगदी आपल्याकडच्यासारख्या. त्यांच्या पूर्ण दिवसांच्या बाळांचं वजन सरासरी २ किलो ७०० ग्रॅमच्या आसपास भरलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन शहरातल्या बाळांचं साडेतीन किलो होतं. पण नुसत्या वजनाकडं बघून संशोधक थांबले नाहीत. त्यांनी बाळांचे दंड, पोटाचा घेर, पाठीवरच्या कातडीची जाडी असं सगळं मोजलं. आपल्या बाळांचे स्नायू कमी भरले, पोटातले अवयव लहान निघाले, कातडीखालची चरबी मात्र बरीचशी शाबूत होती. वरून रोड दिसणारं आणि आत चरबी राखून असलेलं बाळ. अशा बाळाला मोठेपणी मधुमेहाचा धोका जास्त असतो. ब्रिटनमधले संशोधक डेव्हिड बार्कर यांनी १९८९ मध्येच कमी वजनानं जन्मणं आणि पुढचा हृदयविकार यांचा संबंध दाखवला होता. तेव्हा अनेकांना ते पटलं नव्हतं. आपल्याकडं घरटी एक मधुमेही दिसायला लागला आणि ते पटू लागलं.

तुम्ही काय खायचं, याचं उत्तर त्याच सहा गावांत मिळालं. त्या बायका एकूण किती उष्मांक आणि किती प्रथिनं खातात, याचा बाळाच्या अंगलोटाशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो दूध, पालेभाज्या आणि फळं यांच्याशी. हे पदार्थ ज्यांच्या खाण्यात वरचेवर होते, त्यांची बाळं चांगली भरली.

आता आपल्याकडं काय चालतं ते बघा. गोठ्यात दोन म्हशी असतात. पहाटे धार काढली की किटली थेट डेअरीत जाते, फॅट लागते, दहा दिवसांनी बिल येतं. घरात उरतं ते चहापुरतं. त्यातूनही वाटीभर राहिलंच तर ते आधी पोरांना, मग म्हाताऱ्या माणसांना. सून गर्भार असली तरी तिच्या वाट्याला चहाच. मी विचारते, ‘दूध किती घेता?’ उत्तर येतं, ‘घेतो की, चहातनं.’ हे ऐकून मला दर वेळी वाईट वाटतं, कारण त्या घरात दुधाची खरोखरच कमतरता नसते. म्हणून माझं सांगणं सासूबाईंना आणि तुमच्या मालकांना आहे : किटली भरण्याआधी अर्धा लिटर दूध सुनेच्या नावानं बाजूला काढा. तिनं ते पेल्यानं प्यावं, दह्यात खावं, ताकात घ्यावं, तिला आवडेल तसं.

माळकरी घरात तर दुधाशिवाय इलाज नाही. बी-१२ हे जीवनसत्त्व दूध-दही, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळतं. भाजीत नाही, कडधान्यातही नाही. पुण्याच्या अभ्यासात दोन तृतीयांश आयांमध्ये ते कमी निघालं. त्यांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. ज्यांच्या आईच्या रक्तात गरोदरपणी बी-१२ कमी आणि फोलेट (फॉलिक ॲसिडच्या गोळीतून मिळतं ते जीवनसत्त्व) जास्त होतं, त्या मुलांच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याचं दिसलं. मधुमेहाची वाट तिथून सुरू होते.

याचा अर्थ फॉलिक ॲसिडची गोळी बंद करा असा कृपा करून कुणी घेऊ नये. १९९१ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी अनेक देशांत मिळून केलेला मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. आधीचं मूल मणक्याच्या किंवा मेंदूच्या जन्मजात दोषाचं झालेल्या बायकांना फॉलिक ॲसिड दिल्यावर पुढच्या बाळात तो दोष होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते. पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत ते काम जवळजवळ उरकलेलं असतं. म्हणून ही गोळी मूल हवं असं ठरवल्यापासूनच घ्यायची असते. जावा-नणंदांत कुणाचं लग्न ठरलं असेल तर तिला हे आवर्जून सांगा. तुमच्यासाठी ती वेळ गेली, तरी लोह आणि फॉलिकची गोळी चालू ठेवा. ती चहाबरोबर घेऊ नका, चहामुळं लोह अंगी लागत नाही. रक्तातलं बी-१२ एकदा तपासून घ्या. कमी निघालं तर तुमच्या डॉक्टर त्याची गोळी देतील.

बाकी ताट साधंच. मेथी, शेपू, चाकवत, तांदळी, जे बांधावर आणि बाजारात मिळेल ते रोज एक वेळ. मोडाची मटकी, दाण्याचा कूट, पेरू, केळं. द्राक्षं तर तुमच्या तालुक्यातलीच, फक्त नीट धुऊन खा. बागेत फवारणी चालू असेल त्या दिवशी तिकडं फिरकूसुद्धा नका. आणि काम कमी करा. याच अभ्यासात जास्त अंगमेहनत करणाऱ्या गर्भवतींची बाळं वजनानं कमी भरली. पाण्याच्या घागरी, मोठं धुणं, बेदाण्याच्या शेडवर दिवसभर उभं राहणं, यांतलं काय कुणी उचलायचं ते घरात बसून ठरवा. दुपारी तासभर आडवं व्हायचं, आणि त्याबद्दल कुणी बोलायचं नाही.

मोठ्या मुलाचं सांगते. दिल्लीत १९६९ ते १९७२ दरम्यान जन्मलेल्या मुलांची उंची-वजनं लहानपणापासून नोंदवून ठेवली होती. २००४ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. ऐन तरुणपणी ज्यांची साखर बिघडली, ते पहिल्या दोन वर्षांत हडकुळे होते आणि त्यानंतर वजन झपाट्यानं वर चढत गेलेले होते. डोळ्यांना ते लहानपणी लठ्ठ दिसलेही नसतील. म्हणजे जन्मताना लहान असलेल्या मुलाला आता तूप-साखरेनं फुगवणं हे नेमकं चुकीच्या दिशेनं जाणं आहे. तुमचा मुलगा खेळतोय, उंची वाढतेय, तर बिस्किटाचा पुडा बंद करा आणि दूध-भाकरी, डाळ, दही, फळ द्या. अंगणवाडीत वजनाबरोबर उंचीही मोजून घ्या, आणि दोन्ही आकडे पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : पत्नीला सहावा महिना आहे. आम्ही विश्रामबागला राहतो. गर्भसंस्काराचा एक महागडा कोर्स आणि पोटाला बांधायचा स्पीकर घ्यावा असं मित्र सुचवतात. बाळाला खरंच ऐकू येतं का? बुद्धी वाढते का?

उत्तर : ऐकू येतं. साधारण २५ आठवड्यांच्या सुमाराला बाळाचा कान आवाज टिपू लागतो. आईच्या हृदयाचे ठोके, आतड्यांचे आवाज आणि या सगळ्यांवर आईचं बोलणं. बाहेरचा आवाज पोटातून जाताना दबतो. आईचा आवाज तिच्या हाडामांसातूनच पोचतो, म्हणून तो सगळ्यांत ठळक.

हे कसं समजलं, ते ऐकण्यासारखं आहे. अमेरिकेत अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी एक प्रयोग केला, तो १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. तीन दिवसांच्या आतल्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली आणि ती टेपरेकॉर्डरला जोडली. बाळ चोखताना मध्ये मध्ये थांबतं. किती वेळ थांबतं, यावर टेपमधून स्वतःच्या आईचा आवाज येणार की दुसऱ्या बाईचा, हे ठरत होतं. एवढीशी ती बाळं, पण आईचा आवाज यावा अशा बेतानं आपलं चोखणं बदलत होती! पुढं २००९ मध्ये जर्मन आणि फ्रेंच नवजात बाळांच्या रडण्याचा अभ्यास झाला. फ्रेंच बाळांचं रडणं चढत्या सुराचं, जर्मन बाळांचं उतरत्या सुराचं, त्यांच्या आयांच्या भाषेसारखंच. भाषेचा हेल बाळ पोटातूनच घेऊन येतं.

पण अभिमन्यूचा दाखला देऊन तुम्हाला स्पीकर विकतात, तेव्हा एक उडी मारलेली असते. बाळ आवाज आणि लय ओळखतं, हे सिद्ध आहे. पोटावर यंत्र बांधल्यानं बुद्धी वाढते, असं भरवशाच्या कोणत्याही अभ्यासात दिसलेलं नाही. उलट सतत मोठा आवाज थेट पोटावर नकोच. गणपतीत डीजेच्या भिंतीजवळ पत्नीला उभं करू नका, हे मात्र मी आग्रहानं सांगेन. तिला हरिपाठ म्हणायला आवडत असेल तर म्हणू दे, जात्यावरच्या ओव्या येत असतील तर गाऊ दे, शेजारणीशी गप्पा मारू दे. कोर्सचे पैसे वाचवून तिच्या दुपारच्या विश्रांतीसाठी कामाला बाई लावा.

तुमच्याबद्दल एक गोष्ट. बापाचा आवाज नवजात बाळ इतर पुरुषांच्या आवाजातून वेगळा निवडत नाही, हे १९८४ मधल्या प्रयोगात दिसलं. यात हिरमुसण्यासारखं काही नाही. बाळ जन्मल्यावर रोज कुशीत घेऊन बोलत राहिलात की तोही आवाज त्याचा होतो.

प्रश्न : मी जत तालुक्यात आशा कार्यकर्ती आहे. माझ्याकडची एक गरोदर बाई दिवसातून चार-पाच वेळा मिश्री लावते. ‘त्याशिवाय पोट साफ होत नाही, आणि मी काही खात नाही, थुंकून टाकते’ म्हणते. तिला काय सांगू?

उत्तर : थुंकलं तरी हिरडीतून निकोटीन रक्तात जातंच, वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि वारेचा रक्तपुरवठा घटवतं. मुंबईत १२१७ गर्भवतींचा अभ्यास प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या सुब्रमणी यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. मिश्रीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं, आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त होतं. आधीच अडीच किलोच्या काठावर असलेल्या बाळाला शंभर ग्रॅम फार असतात.

आशाताई, तिला रागावू नका. आधी तिचं तोंड बघा. पुष्कळ बायकांची मिश्री दाढदुखीतून लागलेली असते, म्हणजे दाताच्या डॉक्टरकडं नेलं की निम्मं काम होतं. सकाळी उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, आणि तरी पोट साफ नसेल तर गरोदरपणात चालणारं औषध डॉक्टरांकडून. सकाळची मिश्री सोडणं सर्वांत अवघड, म्हणून दुपारच्या आणि रात्रीच्या वेळा आधी बंद करायला सांगा. घरात सासू लावत असेल तर दोघींना एकत्र बसवून बोला, नाहीतर डबी समोर राहते.

प्रश्न : मी आजी आहे, कुपवाडला असते. सून ३२ आठवड्यांतच बाळंत झाली, नात दीड किलोची. त्याआधी सुनेला बाळाच्या फुप्फुसासाठी म्हणून इंजेक्शनं दिली होती, ती कशाची? आता दवाखान्यातले म्हणतात, बाळ छातीला बांधून ठेवा. आमच्यात बाळ-बाळंतिणीला शेक-शेगडी करतात. काय करू? मी बाळ धरलं तर चालेल का?

उत्तर : चालेल आजी, आणि तुम्ही विचारलंत याचा मला फार आनंद झाला.

ती इंजेक्शनं स्टेरॉइडची. न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स नावाचे डॉक्टर मेंढ्यांवर काम करत होते. त्यांच्या लक्षात आलं की हे औषध मिळालेली कोकरं वेळेआधी जन्मूनही श्वास घेतात. मग सहकारी डॉ. हॉवी यांच्याबरोबर त्यांनी गर्भवतींना ते देऊन पाहिलं आणि १९७२ मध्ये निष्कर्ष मांडले. तुमच्या नातीची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून ते दिलं.

छातीशी धरण्याची रीत कोलंबियातल्या बोगोटा शहरातली. तिथं १९७८ मध्ये काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी आयांच्या छातीशी बाळं ठेवायला सुरुवात केली. कुणी म्हणेल, हा गरिबाघरचा उपाय. तसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथं मोठी चाचणी केली. भारतातलं काम दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात झालं. एक किलो ते एक किलो आठशेच्या आतल्या बाळांना जन्मल्या-जन्मल्या असं धरलं, तर पहिल्या महिन्यातले मृत्यू पाव हिश्श्यानं कमी झाले, असं २०२१ मध्ये जाहीर झालं. लगेच धरलेल्या आणि उशिरा धरलेल्या, दोन्ही गटांतल्या बाळांना पेट्या, डॉक्टर, नर्स सगळं होतं. फरक होता तो माणसाचं अंग लगेच मिळण्याचा.

असं करा. हात कोपरापर्यंत साबणानं धुवा. मंगळसूत्र, पिना काढून ठेवा. बाळाच्या अंगावर फक्त टोपी, लंगोट, पायमोजे. चोळीची बटणं सोडून बाळाला उभं, दोन स्तनांच्या मध्ये, छातीला छाती लावून ठेवा. मान एका कुशीवर वळलेली आणि किंचित वर, म्हणजे नाक मोकळं राहतं. पाय बेडकासारखे दुमडलेले. वरून मऊ सुती लुगड्याची पट्टी बाळाच्या कानाखालपर्यंत घट्ट बांधा आणि पाठीला उशा घेऊन रेलून बसा. पूर्ण आडवं झोपू नका. सून दमली की तुम्ही, तुम्ही दमलात की तुमच्या लेकानं शर्टाची बटणं काढून धरायचं. जितके जास्त तास, तितकं चांगलं. खोकला-सर्दी असेल त्यानं मात्र लांब राहायचं.

शेगडी आणि धुरी खोलीतून बाहेर काढा. धूर त्या फुप्फुसांना सोसणार नाही. गुटी, मध, साखरपाणी काही नको. मधातून एक वर्षाच्या आतल्या बाळाला जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. पाजायचं ते फक्त आईचं दूध, ओढता येत नसेल तर काढून वाटी-चमच्यानं.

आणि आजी, ही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा : जन्मापासून ३० दिवसांच्या आत नातीच्या डोळ्यांचा पडदा पडदातज्ज्ञाकडून तपासून घ्यायचा. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात. बाहेरून डोळा छान दिसतो आणि आत नजर जात असते. वेळेत सापडलं तर लेसरनं वाचवता येतं. दवाखान्यातून घरी सोडलं, वजन वाढायला लागलं, की घरचे निवांत होतात आणि ही तपासणी राहून जाते. तेवढी राहू देऊ नका. तिचं वयही दोन वर्षांपर्यंत जन्मतारखेपासून न मोजता डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या तारखेपासून मोजा, म्हणजे शेजारच्या मुलांशी तुलना करून जीव टांगणीला लागणार नाही.

प्रश्न : मुलगी अकरा महिन्यांची. रांगलीच नाही, एकदम धरून उभी राहते. काळजीचं आहे का? वॉकर आणू का? (विटा)

उत्तर : काळजीचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांत निरोगी मुलांच्या हालचाली नोंदवल्या, त्यांत सुमारे ४ टक्के मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. एकट्यानं चालणं ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत कधीही आलं. दीड वर्ष झालं तरी चालली नाही, किंवा एकच हात, एकच पाय वापरते असं वाटलं, तर दाखवा. चाकाच्या कड्यातला वॉकर आणू नका, त्यातून मुलं उंबऱ्यावरून, पायऱ्यांवरून पडतात आणि चालायलाही लवकर शिकत नाहीत.

प्रश्न : नातू दोन वर्षांचा झाला. चार-पाच शब्दच बोलतो. आईवडील नोकरीला, दिवसभर माझ्याजवळ असतो. मोबाइलवर इंग्रजी गाणी लावल्याशिवाय जेवत नाही. ‘मुलगे उशिराच बोलतात’ असं सगळे म्हणतात. थांबावं का? (एक आजोबा, वाळवा तालुका)

उत्तर : आजोबा, थांबू नका. दोन वर्षांच्या मुलाला ‘आई ये’, ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडता यायला हवेत.

मोबाइलबद्दल आधी सांगते. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या मुलांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली. काहींसमोर प्रत्यक्ष माणूस बसून खेळत, पुस्तक वाचत बोलत होतं. काहींना तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. पहिल्या मुलांनी त्या भाषेतले आवाज वेगळे ओळखायला शिकलं, पडद्यासमोरची मुलं काही शिकली नाहीत. हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. मूल भाषा शिकतं ती त्याच्याकडं बघून बोलणाऱ्या, त्याच्या ‘ॲं’ला उत्तर देणाऱ्या माणसाकडून. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना दोन वर्षांपर्यंत पडदा अजिबात नको म्हणते, आणि पुढं पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास.

तुम्ही दिवसभर त्याच्याजवळ आहात, ही त्याच्या दृष्टीनं फार मोठी गोष्ट आहे. बाजारातून आलेली पिशवी त्याच्यासमोर पालथी करा. ‘हे वांगं. काळं वांगं. हे कुठं ठेवायचं? टोपलीत ठेव.’ तो ठेवेपर्यंत थांबा. त्यानं ‘वां’ म्हटलं तर ‘हां, वांगं!’ म्हणा. जेवताना मोबाइल नेला की दोन-तीन दिवस रडेल, कमी खाईल. खाऊ दे कमी. भूक लागली की जेवेल.

पण सगळ्यात आधी कान. पाठीमागून, त्याला न दिसता, हळू आवाजात हाक मारली तर वळतो का? बोट दाखवून वस्तू मागतो का, नजरेला नजर देतो का? प्रत्येक बाळाचे कान पहिल्या महिन्यात तपासावेत, कमी ऐकू येत असेल तर तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत उपचार सुरू व्हावेत, असं शास्त्र आहे. तुमच्याकडं ती तपासणी झालीच नसेल तर याच आठवड्यात करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत येतं, आणि तिथून पुढची तपासणी मोफत होते. अंगणवाडीताईंना उद्याच विचारा. कानाचा अहवाल हातात आला की त्याची प्रत जोडून मला पुन्हा लिहा. ऐकू नीट येत असेल तर स्पीच थेरपिस्टकडं लगेच पाठवायचं की आधी महिनाभर तुमच्या पिशवीवर भिस्त ठेवायची, ते तेव्हा ठरवू.